उभ्या मोटारीतील विद्युत्‌गळती

सोमवारची सकाळ. भोपाळसारख्या एखाद्या शहरातील एक गृहस्थ कचेरीला निघण्यासाठी मोटारीत बसतात आणि किल्ली फिरवतात. परंतु इंजिन सुरू होत नाही. बॉनेटखालून ‘टक्’ असा एक क्षीण आवाज येतो, समोरच्या फलकावरील दिवे मंदावतात आणि सारे शांत होते. शेजाऱ्यांच्या मदतीने मोटार ढकलून कशीबशी सुरू केली जाते. बॅटरी तीन वर्षांची जुनी असल्यामुळे तिचे आयुष्य संपले असावे, असे सर्वांचे मत पडते आणि त्याच दिवशी नवी बॅटरी बसवण्यात येते. पुढचा सोमवार निर्विघ्न पार पडतो. त्यानंतरच्या सोमवारी मात्र पुन्हा तोच ‘टक्’ असा आवाज.

गृहस्थ बॅटरी घेऊन दुकानात जातात. दुकानदार ती चार्ज करून तपासतो आणि निर्दोष असल्याचे सांगतो. मग मोटारीच्या विजेचे काम करणारा कारागीर येतो. तो मीटर लावून पाहतो. बंद मोटारीतून केवळ ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो आणि एवढा प्रवाह आजच्या बहुतेक मोटारींत वाहतोच. दुकानदार खरे बोलतो, कारागीरही खरे बोलतो. तरीही मोटार सुरू होत नाही, हेही खरेच असते.

हे गृहस्थ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. त्यांची अडचण मात्र काल्पनिक नाही. अशा प्रकरणांत अनेकदा एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. काही महिन्यांपूर्वी त्यांनी मोटारीला बाजारातून एक अलार्म बसवून घेतलेला असतो. दिल्लीतील करोल बाग, चेन्नईतील जनरल पॅटर्स रोड किंवा बंगळूरमधील जे. सी. रोड अशा ठिकाणी मोटारीच्या उपसाधनांची दुकाने आहेत, आणि लहान शहरांतही असा एखादा रस्ता असतोच. तेथे तासा-दोन तासांत हे काम होते. मोटारीचे रक्षण करण्यासाठी बसवलेले हे यंत्रच तिची वीज हळूहळू संपवीत असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. कुंपणच शेत खाऊ लागले म्हणजे पहिला संशय कुंपणावर जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

अशा गळतीचा शोध घेण्यास फार मोठी उपकरणे लागत नाहीत. एक साधा मीटर, थोडा अंकगणिताचा हिशेब आणि एक नियम एवढ्यावर काम भागते. तो नियम असा, की मोटार ज्या अवस्थेत रात्र काढते, नेमक्या त्याच अवस्थेत तिचे मोजमाप झाले पाहिजे. वरील उदाहरणातील कारागिराची चूक मोजण्यात नव्हती. त्याने भलत्या अवस्थेतील मोटार मोजली होती.

बॅटरीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा

मोटारीत वापरली जाणारी शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी १८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी प्रथम तयार केली. त्या काळी मोटार अस्तित्वातही नव्हती. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्यांचे इंजिन समोरून दांडा घालून हाताने फिरवावे लागे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत आला. तेव्हापासून इंजिन सुरू करण्याचा भार बॅटरीवर पडू लागला.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणून पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हाच आकडा १२.२ च्या जवळपास आला तर निम्मी वीज उरली असे समजावे. तो १२ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी जवळजवळ रिकामी झाली आहे. याचा अर्थ असा, की पूर्ण आणि रिकाम्या बॅटरीच्या दाबात एका व्होल्टपेक्षाही कमी अंतर असते. म्हणूनच ‘बारा व्होल्ट येत आहेत, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे नेहमी ऐकू येणारे विधान फसवे ठरते.

बॅटरी वीज देत असताना तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. ताबडतोब चार्ज केल्यास ही क्रिया उलट फिरते आणि पट्ट्या पूर्ववत होतात. परंतु उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात, आणि मग चार्ज करूनही ते पूर्णपणे विरघळत नाहीत. मोटारीची बॅटरी काही सेकंद फार मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेली असते. स्टार्टरला शंभर-दोनशे अँपिअर लागतात. त्यासाठी तिच्या पट्ट्या पातळ ठेवलेल्या असतात. वारंवार रिकामे होणे त्या पट्ट्यांना मानवत नाही. म्हणून गळतीचे नुकसान एका सकाळच्या खोळंब्यापुरते मर्यादित राहत नाही. प्रत्येक वेळी बॅटरीची धारणशक्ती थोडी कायमची घटते. तीन-चार वर्षे टिकावयाची बॅटरी वर्षातच निकामी होते आणि मालक तिच्या निर्मात्याला दोष देत दुसरी विकत घेतो. पैशांपलीकडचे नुकसानही होऊ शकते. मध्यरात्री आजारी माणसाला रुग्णालयात न्यावयाचे असेल तेव्हा मोटार ढकलण्यास शेजारी जागे असतीलच असे नाही.

गळतीचा हिशेब

बॅटरीत किती वीज मावते हे अँपिअर-तासांत सांगतात. भारतातील अनेक लहान मोटारींत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यातून सतत एक अँपिअर प्रवाह घेतला तर ती ढोबळमानाने ३५ तासांत रिकामी होईल. एका अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. ही संख्या ऐकताना क्षुल्लक वाटते. पण गळतीजवळ वेळ भरपूर असतो. स्टार्टर दीडशे अँपिअर घेतो, पण दोनच सेकंद. त्यात एका अँपिअर-तासाचा दहावा भागही खर्च होत नाही. याउलट २०० मिलिअँपिअरची मूक गळती एका दिवसात जवळजवळ ५ अँपिअर-तास नेते.

जुन्या अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी मोटारीत किल्ली काढल्यावर जवळजवळ काहीच चालू राहत नसे. आजच्या मोटारीत घड्याळ, रेडिओची स्मृती, इंजिनाचे नियंत्रक आणि दारांच्या कुलपांचे यंत्र यांना सदैव थोडी वीज लागते. सर्व मिळून २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह हा स्वाभाविक समजला जातो. मोटार रोज चालत असेल तर एवढा खर्च सहज भरून निघतो. ती उभीच राहिली तर मात्र हा रास्त खर्चही जड जातो. २०२० मध्ये २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि तिचे पहिले दोन टप्पे ३ मेपर्यंत, म्हणजे ४० दिवस चालले. ४० मिलिअँपिअरच्या हिशेबाने या ४० दिवसांत ३८ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीची संपूर्ण बॅटरी रिकामी होण्यास एवढे पुरेसे होते. त्या उन्हाळ्यात अनेक निर्दोष मोटारीही सुरू झाल्या नाहीत, यात नवल नव्हते.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. त्यांची मोटार आठवड्यातून पाच दिवस कचेरीत जाते-येते. रोज सुमारे ४० मिनिटे चालते. शनिवारी-रविवारी ती उभी असते. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी जवळजवळ १६५ तास ती बंद राहते. चालताना आल्टर्नेटर बॅटरीला सरासरी ६ अँपिअर देतो असे धरले तर आठवड्याची आवक सुमारे २० अँपिअर-तास होते. चार्ज करताना काही भाग वाया जातो, म्हणून प्रत्यक्षात १७ धरावे. खर्चाच्या बाजूला ४० मिलिअँपिअर असतील तर आठवड्याचा खर्च साडेसहा अँपिअर-तास होतो. आवक खर्चाच्या दुपटीहून अधिक आहे. बॅटरी सदैव भरलेली राहील. पण गळती २०० मिलिअँपिअर असेल तर खर्च ३३ अँपिअर-तासांवर जातो. दर आठवड्याला १६ अँपिअर-तासांची तूट येते. ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी पहिल्या सोमवारी निम्म्याहून किंचित अधिक भरलेली असेल आणि मोटार सुरू होईल. दुसऱ्या सोमवारी तिच्यात जेमतेम ३ अँपिअर-तास उरतील. त्यांच्या मोटारीने केलेही तसेच.

मोटार कोणत्या दिवशी बंद पडली यावरूनच गळतीचा अंदाज बांधता येतो. नवी बॅटरी पंधरवड्यात उतरत असेल तर गळती ४० मिलिअँपिअरची असूच शकत नाही. ती त्याच्या कित्येक पट असली पाहिजे. कारागिराला ती दिसली नाही, याचा अर्थ तो पाहत होता त्या वेळी ती चालू नव्हती.

अलार्म रात्रभर काय करतो?

मागाहून बसवलेल्या अलार्मचा मुख्य भाग म्हणजे डॅशबोर्डाखाली दडवलेली एक लहान पेटी. मालकाच्या हातातील रिमोटचा संदेश केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे तिच्यातील ग्राहक अहोरात्र जागा असतो. त्याशिवाय धक्का ओळखणारा संवेदक, दारे व बॉनेट यांच्या स्विचांकडे लक्ष ठेवणारी मंडले आणि लुकलुकणारा तांबडा दिवा, या सर्वांना वीज लागते. अलार्म चांगल्या बनावटीचा असेल आणि नीट जोडलेला असेल तर या साऱ्यांना मिळून १० ते २० मिलिअँपिअर पुरतात. दोष बहुधा पेटीत नसतो. तो जोडणीत असतो.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे स्टार्टर तोडणारा रिले. रिले हा विजेने चालणारा स्विच होय. त्यातील वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते लोहचुंबक बनते आणि एक पाते ओढून घेते. अलार्म लावलेला असताना कोणी किल्ली फिरवली तर स्टार्टरचे मंडल तुटावे, यासाठी हा रिले बसवतात. त्याच्या वेटोळ्याचे एक टोक अलार्मच्या पेटीला जोडतात. अलार्म लावला की पेटी ते टोक मोटारीच्या धातूच्या सांगाड्याशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूशी जोडते. दुसरे टोक इग्निशनच्या अशा तारेला जोडावयाचे असते, की जिच्यात किल्ली फिरवल्यावरच वीज येते. असे केले म्हणजे रात्रभर वेटोळ्यात काहीच वाहत नाही. चोराने किल्ली फिरवली तरच रिले ओढला जातो आणि स्टार्टर मुका राहतो.

घाईतला कारागीर दुसरे टोक इग्निशनच्या तारेऐवजी शेजारच्या सदैव जिवंत असणाऱ्या तारेला जोडतो. दुकानातील चाचणीत काहीच फरक दिसत नाही. अलार्म लावला, किल्ली फिरवली, स्टार्टर चालला नाही. काम चोख झाले. परंतु आता अलार्म लावताक्षणी रिले ओढला जातो आणि मालक सकाळी अलार्म काढीपर्यंत ओढलेलाच राहतो. अशा रिलेच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ८० ओहम असतो. बारा-साडेबारा व्होल्टवर त्यातून १६० मिलिअँपिअरच्या जवळपास प्रवाह जातो. तारेच्या एका जोडाची ही चूक रोज रात्री बॅटरीला भोगावी लागते.

इतरही कारणे आहेत. काही भोंग्यांच्या आत त्यांची स्वतःची लहान बॅटरी असते. चोराने मुख्य तार तोडली तरी भोंगा वाजत राहावा हा तिचा हेतू. ही लहान बॅटरी म्हातारी झाली की ती कधीच पूर्ण चार्ज होत नाही आणि मोठ्या बॅटरीतून अखंड प्रवाह ओढत राहते. काही वेळा अलार्म स्वतः थोडीच वीज घेतो, पण दारांच्या कुलपांच्या तारांशी त्याची जोडणी अशी झालेली असते, की मोटारीचे मूळ नियंत्रक झोपी जात नाहीत. त्यांचा जागरणाचा खर्च शेकडो मिलिअँपिअरच्या घरात जाऊ शकतो. नुसत्या पिळून काळी पट्टी गुंडाळलेल्या तारांचे जोड पावसाळ्यातील दमटपणाने गंजतात आणि तेथूनही गळती सुरू होते.

भोंग्याच्या अकारण आरडाओरड्यावर मात्र लोकांचा नाहक राग असतो. रात्रीतून वीस वेळा अलार्म अर्धा-अर्धा मिनिट वाजला असे समजू. दिशादर्शक दिवे व भोंगा मिळून सरासरी साडेचार अँपिअर घेत असतील तर वीस वेळांचा खर्च पाऊण अँपिअर-तास होतो. झोपमोड झाली तरी बॅटरी रिकामी होत नाही. उलट मुकाट्याने ओढलेला रिले दहा तासांत दीड अँपिअर-तासाहून अधिक नेतो आणि कोणाला चाहूलही लागत नाही.

मोजमापाची पूर्वतयारी

गळती शोधण्यापूर्वी इतर दोन शंका दूर केल्या पाहिजेत. पहिली शंका बॅटरीची. ती पूर्ण चार्ज करून, काही तास विसावू देऊन दाब पाहावा आणि दुकानातील भार-चाचणीही करून घ्यावी. दुसरी शंका आल्टर्नेटरची. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तसे नसेल तर बॅटरी भरतच नाही, आणि गळती शोधणे व्यर्थ आहे.

त्यानंतर मोटार अशी सिद्ध करावी, की ती बंद करून ठेवली आहे असे तिला वाटावे. दारे लावावीत. एखादे दार उघडे ठेवणे आवश्यक असेल तर त्याच्या कडीचे बोट स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून कुलूप लागल्याचा भास निर्माण करावा. बॉनेट उघडे राहणार असल्यामुळे अलार्मचा बॉनेटखालील स्विच दाबून बांधून ठेवावा. एक काच खाली असू द्यावी. किल्ली आत अडकण्याचा धोका राहत नाही. काम संपल्यावर या कड्या पूर्ववत करण्यास विसरू नये.

मीटरची वायर १० अँपिअरच्या छिद्रात घालावी आणि मीटर बॅटरीच्या ऋण टोकाशी एकसरीत जोडावा. म्हणजे त्या टोकाची जाड तार सोडवून, बॅटरी आणि तार यांच्या मध्ये मीटर यावा. मात्र तार एकदम सोडवली तर वीज खंडित होते. स्वतःची बॅटरी असलेला भोंगा केकाटू लागतो, आणि पुन्हा वीज येताच सर्व नियंत्रक नव्याने जागे होतात. म्हणून आधी बॅटरीचे ऋण टोक आणि जाड तार यांना जोडणारी एक तात्पुरती तार लावावी, मग क्लॅम्प सैल करून काढावा, मीटर जोडावा आणि शेवटी ती तात्पुरती तार काढावी. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये; स्टार्टरच्या प्रवाहाने मीटरचा फ्यूज तत्क्षणी जळेल. तसेच काम झाल्यावर वायर व्होल्टच्या छिद्रात परत घालावी. ती तशीच ठेवून कोणी दाब मोजावयास गेला तर मीटर बॅटरीला थेट आखूड करील.

जुने कारागीर टोक लावताना पडणाऱ्या ठिणगीवरून किंवा मध्ये जोडलेल्या बल्बच्या प्रकाशावरून गळती ओळखत. अँबॅसडरच्या काळी या परीक्षा योग्य होत्या. आजच्या मोटारीत वीज जोडताच नियंत्रक क्षणभर मोठा प्रवाह घेतात. त्यामुळे निर्दोष मोटारीतही ठिणगी पडते.

दोषस्थानाचा शोध

मीटर जोडताच पहिला आकडा एक-दोन अँपिअर किंवा त्याहूनही अधिक दिसेल. त्याने घाबरू नये. मोटारीतील नियंत्रक एकामागून एक झोपी जातात आणि आकडा पायरीपायरीने उतरतो. यास काही मोटारींत पाच मिनिटे लागतात, तर काहींत अर्ध्या-पाऊण तासाची वाट पाहावी लागते. घाईने काढलेला निष्कर्ष येथे हमखास चुकतो.

आपल्या उदाहरणात आकडा ४० मिलिअँपिअरवर स्थिर होतो. पहिला कारागीर येथेच थांबला होता. आता रिमोटचे बटण दाबून अलार्म लावावा. दिवे लुकलुकतात, कुलपे लागतात, आकडा क्षणभर उसळतो आणि पुन्हा खाली येतो; पण तो ४० वर परतत नाही. तो २०० वर थांबतो. दहा मिनिटे वाट पाहिली तरी तो हलत नाही. अलार्म काढला की पुन्हा ४०. मोटार रात्र काढते ती अलार्म लावलेल्या अवस्थेत. तिचा खरा आकडा ४० नसून २०० आहे.

यापुढील काम वगळणीचे आहे. फ्यूजच्या पेटीतील एकेक फ्यूज काढून आकडा कितीने उतरतो ते पाहावे. फ्यूज परत घालताना एखादा नियंत्रक जागा होण्याचा संभव असतो, म्हणून प्रत्येक वेळी पुरेसे थांबावे. या उदाहरणात पेटीतील सर्व फ्यूज तपासूनही आकड्यात विशेष फरक पडत नाही. अनुभवी कारागिराला हाच एक पुरावा वाटतो. मोटारीच्या कारखान्यात बसवलेली बहुतेक साधने या पेटीतून वीज घेतात. मागाहून बसवलेला अलार्म मात्र पुष्कळदा इग्निशन-स्विचच्या जाड तारेला परस्पर जोडलेला असतो, आणि त्याचा फ्यूज स्टिअरिंगखालच्या तारांच्या जुडग्यात कोठेतरी लोंबकळत असतो. काळ्या पट्टीचा माग काढत गेले की तो सापडतो.

तो फ्यूज काढताच आकडा २०० वरून २० वर येतो. म्हणजे १८० मिलिअँपिअर अलार्म आणि त्याच्या आज्ञेत असणारी साधने घेत होती. परंतु येथेही थांबू नये, कारण अलार्म दोषी आहे की त्याची जोडणी, हे अजून ठरलेले नाही. फ्यूज परत घालून अलार्म पुन्हा लावावा आणि त्याचे उपभाग एकेक करून वेगळे करावेत. भोंग्याचा जोड काढला, आकडा तसाच राहिला. रिले त्याच्या बैठकीतून उपटला, आकडा ४० वर आला. एकट्या रिलेचे १६० मिलिअँपिअर होते. पेटी स्वतः २० घेते, आणि तो तिचा रास्त वाटा आहे. मीटरशिवायही या दोषाची एक खूण मिळते. रात्रभर ओढलेला रिले दोन वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. थंड सकाळी अलार्म काढण्यापूर्वी त्याला हात लावला तर तो कोमट लागतो.

अलार्मचा फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर अलार्म निर्दोष समजावा. मग डिकीतील किंवा कप्प्यातील न विझणारा दिवा पाहावा. शेवटी आल्टर्नेटरची जाड तार तपासावी. त्यातील डायोड बिघडला तर प्रवाह उलट वाहतो, आणि लहान फ्यूज काढून तो थांबत नाही.

ज्यांच्याजवळ प्रवाह मोजण्याची सोय नाही, त्यांना दोन आठवड्यांच्या तुलनेनेही उत्तर मिळू शकते. बॅटरी पूर्ण चार्ज करून एका शुक्रवारी रात्री अलार्म लावून मोटार उभी करावी व सोमवारी सकाळी, दार उघडण्यापूर्वी शक्य नसेल तर उघडल्यावर थोड्या वेळाने, दाब मोजावा. पुढच्या शुक्रवारी बॅटरी पुन्हा तशीच चार्ज करून, अलार्म न लावता केवळ किल्लीने कुलूप लावावे. पहिल्या सोमवारी १२.३ आणि दुसऱ्या सोमवारी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडे आले तर गळती अलार्म लावल्यावरच सुरू होते, हे सिद्ध झाले.

उपाय

दोष सापडल्यावर अलार्म उखडून टाकण्याची गरज बहुधा पडत नाही. येथे रिलेच्या वेटोळ्याचे एक टोक सदैव जिवंत तारेवरून काढून इग्निशनच्या तारेला जोडले की काम झाले. नवा सुटा भागही लागत नाही. दोष भोंग्यात असेल तर भोंगा बदलावा. नियंत्रक जागे राहत असतील तर कुलपांच्या तारांशी असलेली जोडणी निर्मात्याच्या नकाशाप्रमाणे करून घ्यावी. सर्व जोड पिळलेल्या तारांऐवजी डाखाने किंवा दाबून बसवलेल्या टोपणांनी करावेत, आणि अलार्मचा फ्यूज कोठे आहे याची नोंद मोटारीच्या कागदपत्रांत ठेवावी. तारा अंदाजाने कापू नयेत. इंजिन बंद पाडण्याची सोय त्याच तारांत गुंफलेली असते आणि भलती तार कापल्यास मोटार जागच्या जागी अडकते.

मोटार महिनाभर उभी राहणार असेल तर ऋण टोकाची तार सोडून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यासाठी बहुतेक मोटारींत १० क्रमांकाचा पाना पुरतो. टोके सोडताना आधी ऋण आणि जोडताना शेवटी ऋण हा क्रम पाळावा. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा ज्योत असू नये. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी भरते हा समज मात्र सोडून द्यावा. हिशेब मांडून पाहिला तर त्या पाच मिनिटांत अर्धा अँपिअर-तासही जमा होत नाही.

नवा अलार्म बसवून घेणाऱ्यांनी दुकानातून निघण्यापूर्वी एक मागणी करावी. अलार्म वाजतो का, हे तर प्रत्येक जण पाहतो. तो लावून, मोटार झोपी जाईपर्यंत थांबून, किती मिलिअँपिअर घेतो हेही मीटरवर दाखवावयास सांगावे. या मोजमापास अर्धा-पाऊण तास लागतो. आपल्या गृहस्थांनी ते केले असते, तर दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले असते.